गरम पाणी आणि व्हिनेगर

१२ जानेवारी

थोरल्या जाऊबाई,

वाकून नमस्कार केला असं धरून चाला. कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच वाकते. फोन का करत नाहीस, असं तुम्ही विचारलंत. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि एकदम ठेवतो. पत्रात निदान एकीला गप्प बसावं लागतं.

तुमचं म्हणणं कळलं. घर दोघा भावांचं. धाकटा गेला, म्हणजे माझा नवरा, तुमचा दीर. तुम्ही पुढच्या खोल्यांना कुलूप घालून दुसऱ्या गावी गेलात, आणि मी मागच्या दोन खोल्यांत ‘रंगाचा पोरखेळ’ मांडून बसले आहे. आता माझी एक सही झाली की पुढचं मागचं सगळं भुईसपाट होईल आणि मोटारी ठेवायची इमारत उभी राहील. तुमच्या चिरंजीवांनी गिऱ्हाईक आणलंय. बरं आहे. या घरात माणसांचं कधी पटलं नाही, मोटारींचं पटेल.

सही मी करणार नाही. हट्ट म्हणा. पण मागची विहीर आहे ना, जिच्यात तुमची चांदीची वाटी पडली आणि तुम्ही महिनाभर माझ्याकडे बघत होतात, तिच्या पाण्यातच माझे रंग नीट उतरतात. मी दुसऱ्या जागी नेऊन पाहिलं. हिरवा कावीळ झाल्यासारखा आला, निळ्याने मान टाकली. विणणाऱ्या बायका लांबून लोकर मागवतात ती या रंगांसाठी. जागा गेली तर मी गेले, एवढं सोपं आहे.

तुम्हाला वाटतं मी पातेल्यात काठी फिरवते. ऐका. पांढरी लोकर येते. माझ्यासोबत काम करणारी बाई तिच्या लडी बांधते. तिला सगळी गल्ली तोफ म्हणते, तुम्ही एकदा तिच्या तोंडी लागला होतात, तीच. लडी भिजवायच्या, गरम पाण्यात रंगाची पूड विरघळवायची, वर व्हिनेगर ओतायचं. उकळू द्यायचं नाही, नुसतं वाफाळत ठेवायचं. आधी पाणी रंगीत असतं. मग ते फिकं होत जातं, आणि काचेसारखं स्वच्छ झालं की समजायचं, सगळा रंग लोकरीच्या आत गेला. आता काही केलं तरी निघत नाही. सुताला हा रंग धरत नाही, एका धुण्यात सोडून देतो. जे जिवंत अंगावर उगवलं त्यालाच धरतो. लोकर, केस, नखं, कातडी. म्हणून आम्ही हातमोजे घालतो. हाताला लागलाच तर ताबडतोब थंड पाणी आणि साबण. गरम आणि आंबट लागलं, तर लोकरीचं होतं तेच माणसाचं होतं.

आणखी एक. मी एक नवा रंग केलाय. तीन पुडी मिसळून, माझ्या मनाने. उजेडात किरमिजी, सावलीत शाईसारखा. शेजारी दुसरा कुठलाही रंग ठेवा, त्याला खाऊन टाकतो. नाव ठेवलंय ‘थोरली’. फार खपतो. रागावू नका, कौतुकाने ठेवलंय. निम्मं कौतुकाने.

आता खरं कारण. परवा दोरीवर वाळत घातलेल्या सगळ्या लडी कुणीतरी कापल्या. चोरल्या नाहीत, नुसत्या कापल्या. मधोमध, मोठ्या कात्रीने, डोकं भादरावं तशा. खाली ढीग पडला होता. आधी मला वाटलं कुठलं जनावर मारून टाकलंय. त्याआधी खिडकीवर दगड आला होता. तोफ म्हणते, “हात सापडू दे, खांद्यापासून उपटून देते.” मी म्हटलं, आधी कुणाचा ते कळू दे. तुम्हाला काही कल्पना?

तुमची,
धाकटी

२० जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद. मोठी झालीस, जीभही झाली.

तुझं पत्र वाचलं. म्हणजे जेवढं वाचण्यासारखं होतं तेवढं. राग मानू नकोस, पण तू पातेल्यात शिरलीस की मी पान उलटते. लग्न झाल्यापासून तुझं हेच. काही विचारावं तर कृती सांगतेस. नवरा कसा गेला विचारायला आले होते, तर तू डाळ कशी करपली ते सांगत बसलीस. तेव्हा व्हिनेगर नि लडी हे सगळं मी सोडून दिलं आणि ‘आता खरं कारण’ इथून पुढे वाचलं. तू आपणहून खूण करतेस हे बरं आहे.

दोरीवरच्या लोकरीचं वाईट वाटलं. पण बाई, उघड्यावर टांगलेली वस्तू आहे. मुलं असतील कुणाची. लगेच ‘तुम्हाला काही कल्पना’? मला कशी असेल? मी इथे दोन दिवसांच्या वाटेवर बसून तुझ्या लडी कापीन, एवढी लांब कात्री माझ्याकडे नाही. जीभ आहे, ती तुला माहीतच आहे.

माझ्या गुडघ्यांचं तू विचारलं नाहीस. आहेत.

चिरंजीव फार मनाला लावून घेतोय. त्या गिऱ्हाइकाला त्याने शब्द दिलाय, आणि ती माणसं शब्द परत घेणारी दिसत नाहीत. परवा दोघं जण मोटारीतून आले होते. चहा घेतला नाही, नुसते दिवाणखान्यात बसून भिंतींकडे बघत राहिले. त्यानंतर याने जेवताना ताट भिरकावलं. मला लागलं नाही, कपाटाच्या काचेला लागलं. लहानपणापासून तापट आहे, पण मनाने लोण्यासारखा, हे तुलाही माहीत आहे. तूच त्याला कडेवर घेऊन फिरायचीस. ह्यांनी पेपर खाली केला, काचेकडे पाहिलं, आणि पेपर परत वर केला. ह्यांचं तसं सगळ्यात लक्ष असतं.

तर चिरंजीव तिकडे येतोय, पुढच्या आठवड्यात. तुला समजावून सांगेल. ऐकून घे. आणि तोफेला त्या दिवशी सुट्टी दे. त्या बाईच्या तोंडातून जे निघतं ते ऐकून भिंतीचा गिलावा पडेल.

थोरली

४ फेब्रुवारी

जाऊबाई,

नमस्काराला आज वाकवत नाही, खरोखरच. डाव्या पायावर फोड आले आहेत. टेकवून लिहितेय.

तोफेचा जबडा मोडला. दोन ठिकाणी. डॉक्टरांनी तारेने बांधलाय. नळीने पेज पिते आणि पाटीवर लिहून शिव्या देते. पाटी लहान पडते.

काल भर दुपारी झालं. गल्ली जेवून आडवी झालेली. मी चुलीपाशी होते, तोफ आत लडी बांधत होती. दार ढकलून एक माणूस आत आला. तोंडाला, नाकाला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, डोळे तेवढे उघडे. अंगात जाकीट. मी विचारलं, कोण हवंय? उत्तर नाही. त्याने पहिल्यांदा पातेल्याचा कान धरला आणि ओढलं. उकळत्याच्या जरा अलीकडचं पाणी, भरलेलं पातेलं. मी मागे उडी मारली, एक पाय मागे राहिला. माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून तोफ बाहेर आली. तिच्या हातात लडी पिळायचा दांडा होता. तिने त्याला पाठीत हाणला. चांगला हाणला, आवाज आला. मग त्याने दांडा धरला, ती सोडीना, दोघं खोलीभर गरगर फिरले, नळकोंडाळ्यावर पोरं भांडतात तसे. ती ओरडत होती, “फडकं काढ! आईने तोंड दिलंय ना, दाखव की!” तेव्हा त्याने दांडा हिसकला आणि तिच्या तोंडावरच मारला. मग पडल्यावर परत. आणि मग परत. मला चालता येत नव्हतं. मी रांगत गेले आणि त्याच्या पायाला चावले. हसू नका. विजारीतून दात लागले नाहीत.

तो मागे सरला आणि पाठ मांडणीवर आदळली. मांडणी आली खाली. सगळे डबे.

सगळ्या वेळात त्याने तोंडातून एक अक्षर काढलं नाही, तोफेने हाणलं तेव्हाही. जाऊबाई, अनोळखी माणूस शिव्या देतो. जो गप्प राहतो त्याचा आवाज आपल्या ओळखीचा असतो.

पोलीस येऊन गेले. हवालदाराने विचारलं, “बाई, चेहरा पाहिलात का?” म्हटलं, नाही. म्हणाला, “मग अवघड आहे.” आणि बुटाला रंग लागेल म्हणून दारातूनच गेला.

इथून पुढे पुन्हा पातेल्यातलं आहे. तुम्ही नेहमीप्रमाणे पान उलटा.

मांडणीच्या सगळ्यात वर ‘थोरली’चा डबा होता, सगळ्यात मोठा. तो त्याच्या अंगावर उपडा झाला. ही पूड कोरडी असली की काही दिसत नाही, राखेसारखी, झटकली की गेली असं वाटतं. ती जात नाही. शिवणीत बसते, खिशात बसते, केसांत, नखांत. तिला पाणी लागलं की ती जागी होते. चिमूटभर पुडीत बादली रंगते. तेव्हा हा माणूस इथून स्वच्छ बाहेर पडला असेल, रस्त्याने कुणी वळूनही पाहिलं नसेल. आणि मग घरी जाऊन त्याने हात धुतले असतील.

तुमचे चिरंजीव यायचे होते ना पुढच्या आठवड्यात? अजून आले नाहीत. वाट बघतेय.

धाकटी

८ फेब्रुवारी

धाकटे,

अगं काय हे. पत्र वाचून माझा हात थरथरतोय, अक्षरावरून दिसेलच. पायाला खोबरेल लाव. तोफेला माझ्यातर्फे काय सांगू, ती बोलती असती तर मलाच दोन ठेवून दिल्या असत्या. जगात काय काय माणसं असतात. मी रोज सांगते, बायकांनी एकटीने धंदा मांडू नये. कोण कुठला चोर, दारुडा, त्याला वाटलं असेल पेटी असेल घरात.

‘पान उलटा’ म्हणालीस, ते मी उलटलं. तू एवढ्या दुःखात कृती सांगत बसतेस याचंच मला नवल वाटतं.

चिरंजीव तिकडे आला नाही. येणारच नव्हता. मी मागच्या वेळी लिहिलं ते उगाच, बोलण्याच्या ओघात. तो आठवडाभर घरीच आहे. ताप आहे. पाठ दुखते म्हणतो. खोलीचं दार लावून असतो, जेवण दाराशी ठेवते. कुणाला भेटत नाही. ती मोटारवाली माणसं आली होती, मी सांगितलं ताप आहे.

आता एक गंमत. तुझ्यामुळे मलाही रंगाचा नाद लागला. बाजारातून पुडी आणली आणि ह्यांचा एक जुना सुती बनियन रंगवला. इतका सुरेख झालाय, तुला दाखवायला हवा. पक्का बसलाय, तीन वेळा धुतला, ढिम्म. पण बाई, माझ्या हातांना रंग लागला तो जाता जात नाही. कोपरापर्यंत. साबण झाला, राख झाली, रॉकेल झालं, घासून घासून सालं निघाली. तुझा तो धंदाच आहे, तुला ठाऊक असेल काय लावायचं. रंग कसा म्हणशील, तर लालसर जांभळा. म्हणजे खिडकीत किरमिजी दिसतो आणि आत आलं की काळा. बघवत नाही. भाजी आणायला जाता येत नाही.

उलट टपाली कळव. लांबण लावू नकोस. नुसतं काय लावायचं ते एका ओळीत लिही, म्हणजे मी वाचीन.

थोरली

ता. क. फक्त हातच. बाकी काही नाही.

११ फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमचं पत्र मी तोफेला वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिने बनियनपाशी हात वर करून थांबवलं आणि ‘परत’ अशी खूण केली. मग तिने पाटी घेतली आणि ‘सुती’ एवढंच लिहून खाली दोन रेघा ओढल्या.  

सुती बनियन! पहिल्याच खेपेला! आम्ही इतकी वर्षं यात घालवली, आम्हाला सुतावर कधी जमलं नाही. तुमच्या हातात कला आहे. हातातली कला घासून काढायची म्हणजे जिवावर येतं, पण तुम्ही म्हणता तर सांगते. लांबण लावत नाही.

गरम पाण्याची बादली, सोसवेल तेवढं गरम. त्यात बाटलीभर व्हिनेगर. हात कोपरापर्यंत बुडवून बसायचं. पाणी आधी रंगीत होईल, घाबरू नका. निवत आलं की वरून गरम घाला. पाणी काचेसारखं स्वच्छ झालं की समजा, काम झालं.

एवढंच. वाचलंत ना?

चिरंजीवांच्या पाठीला शेक द्या. पिळायच्या दांड्याचा... म्हणजे तापाचा मार पाठीत बसतो कधी कधी.

आमच्याकडचं बरं आहे. माझा पाय सोलवटतोय. तोफेला डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, पण पूर्वीसारखं नाही. गल्लीतल्या लोकांना हळूहळू ध्यानात येतंय की सकाळ कधी झाली ते कळेनासं झालंय. काल कोपऱ्यावरचा न्हावी, ज्याच्या सात पिढ्यांचा ती रोज उद्धार करायची, तो येऊन पायरीवर बसला आणि डोळे पुसून गेला.

काम चालू केलंय. पहिली लड ‘थोरली’ची.

धाकटी

१५ फेब्रुवारी

धाकटे,

आज आशीर्वाद देत नाही. आधी वाच.

काम झालं. तू म्हणालीस तस्संच झालं.

बनियन मी कधी रंगवला नाही. तुला कळलंच असणार. मला कळलं नाही की तुला कळेल, कारण सुताला रंग धरत नाही हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस आणि मी पान उलटलं होतं. चिरंजीव सहा तारखेला घरी आला. आल्या आल्या मोरीत गेला आणि ओरडला. आत गेले तर वाटलं, कुणी बोकड कापलाय. नळावर, बादलीवर, भिंतीवर, आणि त्याच्या हातांतून गळतंय. म्हणाला, वाटेत रंगाचा टेम्पो उलटला. मी म्हटलं, असेल. आई झालं की माणूस काहीही म्हणतं. मग तुझं पत्र आलं. तोफेचा जबडा वाचला, पाठीतला दांडा वाचला. याची पाठ मी पाहिली होती. तरी बसून तुला बनियनचं लिहिलं. लिहिताना हात थरथरला नाही, ते खोटं लिहिलं होतं. अक्षर नेहमीसारखंच होतं, तू पाहिलंस ना.

काल तुझी कृती आली. एका ओळीची. मी वाचली! पाणी तापवलं, व्हिनेगर ओतलं. याने अंथरुणाखाली जाकीट गुंडाळून ठेवलं होतं, सुती, ते मला सापडलं होतं. म्हटलं, त्यालाही डाग आहेत, एकाच पाण्यात दोन कामं होतील. संसार केलेल्या बाईला बादली वाया घालवता येत नाही. जाकीट बुडवलं आणि पाणी असं पेटलं, जांभळं, घट्ट. तो म्हणाला, “हे काय?” मी म्हटलं, “घाबरू नको, काकूने लिहिलंय असंच होतं.” डावा हात त्याने आत घातला. “आधी एक करून बघू,” म्हणाला. तेवढी अक्कल होती.

मी वरून गरम ओतत राहिले. हळूहळू पाणी फिकं झालं. मग गुलाबी. मग अगदी स्वच्छ, तळाची नक्षी दिसायला लागली. मी टाळी वाजवली, धाकटे. म्हटलं, “झालं बघ!” जाकीट वर काढलं, तर लख्ख, नव्यासारखं. मग त्याने हात वर काढला.

तू केलेला रंग मी पहिल्यांदा नीट पाहिला. फार सुंदर आहे. मनगटावरचे केससुद्धा सोडले नाहीत त्याने. नखं तर विचारू नकोस.

 उजव्या हाताने त्याने जाकीट ओढून घेतलं आणि एक खिसा उलटा केला, आत पुडीचा गोळा झाला होता, ओला, चिकट, तो पंजाभर माखला. “कुणाची कृती म्हणालीस?” मी म्हटलं, “काकूची.” “तिला काय लिहिलंस?” मी सांगितलं. सगळं सांगितलं, बनियनसकट. मला वाटलं हसेल.

त्याने मारलं. त्याच उजव्या हाताने, उघड्या पंज्याने. मी बादलीवर पडले, ओठ फुटला, दात हलतोय. मग केस धरून उठवलं आणि म्हणाला, “एक बाई गप्प केली, दुसरी करायला किती वेळ लागतो? पाय बरा होऊ दे तिचा. मग बघतो.” तुझं नाव नाही घेतलं त्याने. तुझ्या कडेवरून उतरल्यापासून तो तुला ‘ती’च म्हणतो.

हे समोरच्या खुर्चीत होते. मोरीचं दार उघडं होतं. पेपर खाली आला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, गालाकडे पाहिलं. मग पेपर वर गेला आणि पान उलटल्याचा आवाज आला.

तो आवाज मी ओळखला. इतकी वर्षं मीच काढत होते.

तो झोपायला गेल्यावर मी तुझी पत्रं काढली. ही तीनच नव्हेत, डब्यातली सगळी, दीर गेल्यापासूनची. पातेल्यातली पानं पहिल्यांदा वाचली. डाळ करपली त्याचंही वाचलं. तू डाळ लावून दवाखान्यात पळाली होतीस आणि परत आलीस तेव्हा घरात धूर होता आणि माणूस नव्हता... असो. तू सांगितलं होतंस मला, मी ऐकलं नव्हतं. एक ओळ सोडली नाही या वेळी. ‘हाताला लागलाच तर ताबडतोब थंड पाणी आणि साबण.’ हे वाचून आरशासमोर गेले.

डाव्या गालावर पाचही बोटं होती. ओलीच होती अजून. अंगठा डोळ्याखाली, करंगळी हनुवटीवर. त्याची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली, तीही वाकडी उमटलीय. साबण समोर होता, नळ समोर होता. मिनिटाचं काम.

मी चूल पेटवली. फडकं गरम पाण्यात बुडवलं, सोसवेल तेवढं गरम, त्याहून जरा जास्त. वर व्हिनेगर ओतलं आणि गालावर दाबून धरलं. फुटलेल्या ओठाला असं झोंबतं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हे तू कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतंस. निवत आलं की परत गरम. फडक्यातून गळणारं पाणी स्वच्छ झालं तेव्हा थांबले. मग ओल्या साबणाने घासून पाहिलं. ढिम्म.

पहाटेच्या गाडीने निघतेय, हे पत्र आणि मी एकदमच पोचू. जाकीट पिशवीत आहे, धुतलेलं, पण दुसऱ्या खिशातला गोळा मी तसाच राहू दिलाय. हवालदाराला बोलावून घे. चेहरा पाहिला का विचारत होता ना? सांग त्याला, चेहरा नाही, हात आणलाय. रंग जुळवून बघायला तो डावा घेऊन खोलीत झोपलाय, महिनाभर कुठे जात नाही. आणि सही करू नकोस. ह्यांच्या वाटणीची सहीही होणार नाही. पेन माझ्याकडे असतं, ह्यांच्याकडे पेपर असतो.

तोफेला सांग, मला ज्या शिव्या द्यायच्या त्या पाटीवर लिहून तयार ठेव. मी एकही ओळ सोडणार नाही.

गाडीत लोक बघतील. बघू देत. मी आरशात नीट पाहिलंय. उजेडात किरमिजी, सावलीत शाई. शेजारी ठेवलेलं सगळं खाऊन टाकते.

थोरली